न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याची बातमी: कुठे शोधायची, कशी तपासायची, कशी लिहायची

ऑगस्ट २०१७. गणेशोत्सव तोंडावर आलेला. केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम नुकतेच बदलले होते आणि आता राज्यात एकही शांतता क्षेत्र उरलं नाही, असं महाराष्ट्र सरकारचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाला ते पटत नव्हतं. तेव्हा सरकारने थेट मुख्य न्यायमूर्तींकडे जाऊन ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला आणि प्रकरण दुसरीकडे देण्याची मागणी केली. मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी प्रकरण ओक यांच्याकडून काढून दुसऱ्या खंडपीठाकडे दिलं. मुंबईतल्या वकील संघटनांनी याचा जाहीर निषेध केला. काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला गेला, ओक यांचा समावेश असलेलं तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ बसलं आणि राज्य सरकारला बिनशर्त माफी मागावी लागली.

त्या आठवड्यातल्या बहुतेक बातम्यांचा विषय होता डीजे आणि मंडप. खरी बातमी वेगळी होती. चालू सुनावणीतलं प्रकरण न्यायमूर्तीच्या हातून काढून घेता येतं का? कोणाच्या अर्जावर? कोणाच्या सहीने? ज्याच्याविरुद्ध आरोप आहे त्याला आधी विचारलं जातं का? न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचं वार्तांकन म्हणजे हे प्रश्न विचारणं.

जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय सांभाळणाऱ्या, आणि कधीमधी कोर्टाची बातमी अंगावर पडणाऱ्या मराठी पत्रकारांसाठी हे मार्गदर्शन आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. न्यायाधीश स्वतंत्र आहे की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून, भाषणावरून किंवा एखाद्या निकालावरून ठरवू नका. त्याची नेमणूक, बदली, बढती, त्याच्याकडे येणारं काम, त्याला मिळणारा पैसा आणि निवृत्तीनंतरचं पद यांच्या दोऱ्या कोणाच्या हातात आहेत ते बघा. या प्रत्येक गोष्टीचा कागद असतो आणि कागदावर तारीख असते. तिथून सुरुवात करा.

पायरी १: कोणता न्यायाधीश, कोणाच्या अखत्यारीत, हे आधी लिहून काढा

बातमीदारांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. ‘सरकारने न्यायाधीशांची बदली केली’ असं वाक्य तालुक्याच्या न्यायाधीशाबद्दल छापलं जातं आणि ते चुकीचं असतं. राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुका कलम २३३ खाली राज्यपाल उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून करतात. पण एकदा खुर्चीवर बसल्यावर बदली, गोपनीय अहवाल, शिस्तभंगाची चौकशी हे सगळं उच्च न्यायालयाच्या हातात. म्हणजे जिल्ह्याच्या न्यायाधीशावर दबाव आला असेल तर तो मंत्रालयातूनच आला असं गृहीत धरू नका. तो वरच्या न्यायालयाकडूनही येऊ शकतो, वकील संघाकडूनही आणि आपल्याकडूनही.

उच्च न्यायालयाची गोष्ट निराळी. तिथे नेमणूक कलम २१७ खाली, बदली कलम २२२ खाली, दोन्हींवर राष्ट्रपतींची मोहोर. प्रत्यक्षात शिफारस न्यायवृंदाची, म्हणजे कॉलेजियमची आणि फाइल केंद्रीय विधी मंत्रालयाची. निवृत्ती ६२ व्या वर्षी. सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी. पदावरून दूर करायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. न्यायमूर्तींच्या वर्तनावर संसदेत कलम १२१ आणि विधिमंडळात कलम २११ खाली चर्चाच करता येत नाही, अपवाद फक्त संसदेतल्या त्या प्रस्तावाचा. अधिवेशनात एखादा आमदार न्यायमूर्तींवर घसरला तर ही बाब तुमच्या बातमीत आलीच पाहिजे.

सरकारी वकिलांना न्यायव्यवस्थेत मोजू नका. त्यांची नेमणूक सरकार करतं. एखाद्या गाजलेल्या खटल्यात सरकारी वकील बदलला तर तीही मोठी बातमी असते, पण ती वेगळी बातमी असते.

पायरी २: नेमणुकीची तारीखवार यादी करा

नेमणुकीची प्रक्रिया दोन वाक्यांत वाचकाला सांगता आली पाहिजे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. राज्य सरकारचं मत घेतलं जातं. केंद्राकडे फाइल जाते, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल जोडला जातो. सर्वोच्च न्यायालयाचं तिघांचं न्यायवृंद शिफारस करतं. केंद्र अधिसूचना काढतं किंवा फाइल परत पाठवतं. परत आलेलं नाव न्यायवृंदाने पुन्हा पाठवलं तर सरकारवर ते बंधनकारक मानलं जातं. ही रचना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ आणि १९९८ च्या निर्णयांतून आली. ती बदलण्यासाठी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द केला.

कायदा इतका असला तरी खरी गोम वेळेत आहे. नाव पुन्हा पाठवल्यावर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं होतं. आता मुंबई उच्च न्यायालयातलंच उदाहरण घ्या. वकील सोमशेखर सुंदरेसन यांच्या नावाची शिफारस फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. समाजमाध्यमांवर त्यांनी न्यायप्रविष्ट विषयांवर मतं मांडली, असा केंद्राचा आक्षेप होता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने तो आक्षेप सविस्तर खोडून काढला, मत मांडल्याने कोणी अपात्र ठरत नाही असं लिहिलं आणि नाव पुन्हा पाठवलं. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. यात अग्रलेखाची गरजच नाही. तीन तारखा एकाखाली एक लिहा, शेजारी त्याच काळात शिफारस होऊन नेमल्या गेलेल्या इतरांच्या तारखा लिहा. वाचक स्वतःच प्रश्न विचारेल.

हे ठराव सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. ऑक्टोबर २०१७ पासून ते प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू झाली. कधी कारणं सविस्तर असतात, कधी फक्त नावं. कोणत्या काळात किती कारणं दिली गेली हीसुद्धा स्वतंत्र बातमी आहे. मे २०२५ मध्ये न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ पासूनच्या प्रस्तावांचा तक्ता टाकला, त्यात आजी-माजी न्यायमूर्तींशी नातं असलेल्यांचा रकानाही होता. न्यायमूर्तींच्या मालमत्तेची विवरणपत्रंही तेव्हाच आली. उच्च न्यायालयाचं वार्तांकन करणाऱ्याने हा तक्ता उतरवून घेऊन आपल्या न्यायालयापुरता अद्ययावत ठेवावा.

राजकीय पार्श्वभूमीचा प्रश्न नाजूक आहे. जुलै २०२५ मध्ये आरती साठे यांच्या नावाची मुंबई उच्च न्यायालयासाठी शिफारस झाली तेव्हा त्या आधी महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या यावरून वाद झाला. त्यांनी ते पद आधीच सोडलं होतं, असं पक्षाचं उत्तर होतं. अशा बातमीत वाचकाला तीन गोष्टी द्या: पद कधी घेतलं आणि कधी सोडलं, वकिलीतला अनुभव किती आणि कशातला, आणि शिफारस करणाऱ्यांसमोर ही माहिती होती का. जोडीला इतिहासही सांगा. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर हे केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. बहारुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. पार्श्वभूमी लपवू नये आणि तिलाच निकालही समजू नये.

अतिरिक्त न्यायमूर्ती ही या पायरीतली सर्वांत दुर्लक्षित जागा. कलम २२४ खाली त्यांची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, मग कायम करायचं की नाही ते ठरतं. या दोन वर्षांत न्यायमूर्ती निकाल देत असतो आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावर टांगती तलवार असते. नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचं प्रकरण आठवा. जानेवारी २०२१ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या एका प्रकरणात, कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक अत्याचाराच्या कलमात बसत नाही, असा निकाल त्यांनी दिला. त्यावर देशभर संताप उसळला. त्यांना कायम करण्याची शिफारस न्यायवृंदाने मागे घेतली, एक वर्ष मुदतवाढ मिळाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

निकाल चुकीचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण चुकीच्या निकालावरचा उपाय अपील असतो आणि अपिलात तो दुरुस्त झालाही. निकालाचा परिणाम न्यायाधीशाच्या नोकरीवर व्हावा का, हा वेगळा प्रश्न. आज ज्या निकालाने आपण चिडलो त्यासाठी हे चालवून घेतलं, तर उद्या सरकारला नको असलेल्या निकालासाठीही तेच चालेल. हा पेच ज्या बातमीत नीट उलगडून सांगितला आहे, ती बातमी मला त्या काळातल्या कोणत्याही मथळ्यापेक्षा मोलाची वाटते.

पायरी ३: बदलीची बातमी आली की हात आवरा

बदली हे न्यायाधीशाला वाकवण्याचं सर्वांत सोयीचं साधन आहे, म्हणूनच इथे संशयही पटकन येतो. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींच्या घाऊक बदल्या झाल्या, त्या अनुभवातून पुढे नियम कडक झाले. आता उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीच्या बदलीची शिफारस सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती करतात. दोन्ही उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींचं मत घेतलं जातं. न्यायमूर्तीची संमती मात्र लागत नाही. कारण म्हणून ‘न्यायदानाच्या हितासाठी’ एवढेच शब्द येतात.

न्यायमूर्ती विजया ताहिलरामानी या मुंबई उच्च न्यायालयातून मद्रासला मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेल्या. २०१९ मध्ये त्यांची मेघालयला, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान उच्च न्यायालयांपैकी एकात, बदली सुचवली गेली. फेरविचाराची विनंती फेटाळल्यावर त्यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती अकील कुरेशी यांना मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करण्याची शिफारस होती. केंद्राने ती अडवली, सप्टेंबरमध्ये न्यायवृंदानेच ती बदलून त्रिपुरा केली. या प्रकरणात शिफारस का बदलली हे लिहिताना ‘केंद्राकडून आलेल्या पत्रव्यवहारानंतर’ एवढं कागदावर आहे. तेवढंच लिहा. त्या पत्रात काय होतं याबद्दलचा तर्क बातमीत नको. तो विश्लेषणात, तर्क म्हणूनच.

न्यायमूर्ती रोहित देव यांचा राजीनामा याहून अवघड. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या खंडपीठाने माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपात शिक्षा झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना सोडलं, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी नागपूरच्या भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला. दोन घटनांमध्ये रेघ ओढण्याचा मोह कोणालाही होईल. पण क्रम म्हणजे कारण नव्हे. इथे बातमीदाराने घटनाक्रम पूर्ण द्यावा, मधल्या काळातले त्यांचे इतर निकाल आणि बदलीचा प्रस्ताव यांची माहिती शोधावी, संबंधित न्यायमूर्ती स्वतः काय म्हणाले ते जसंच्या तसं द्यावं आणि थांबावं. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने साईबाबांना पुन्हा निर्दोष सोडलं, हा पुढचा दुवाही जोडावा.

जिल्हा पातळीवर रोज उपयोगी पडणारी गोष्ट सांगतो. न्यायाधीशांच्या वार्षिक बदल्या साधारण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास होतात आणि आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर येतो. कल्पना करा, तुमच्या जिल्ह्यात एका पुढाऱ्याविरुद्धचा खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचं नाव त्या यादीत आहे. हाताशी येणारा मथळा असा: ‘नेत्याला दणका देणाऱ्या न्यायाधीशांची उचलबांगडी’. तो बाजूला ठेवा आणि कागद वाचून असं लिहा:

‘अमुक खटल्याची सुनावणी घेणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली आहे. उच्च न्यायालयाच्या वार्षिक बदली आदेशात राज्यभरातील इतक्या न्यायाधीशांची नावे आहेत. या न्यायाधीशांना येथे दोन वर्षे दहा महिने झाले होते. खटल्यात सरकार पक्षाचे इतके साक्षीदार तपासून झाले असून पुढील तारीख अमुक आहे. नवे न्यायाधीश रुजू होईपर्यंत खटला कोणाकडे राहील, याचा आदेश अद्याप निघालेला नाही.’

या पाच वाक्यांत वाचकाला सगळं कळतं. न्यायाधीश आठ महिन्यांतच, यादीबाहेर, स्वतंत्र आदेशाने हलवले गेले असतील, तर तेही याच पाच वाक्यांत आपोआप दिसेल आणि तेव्हा बातमी पहिल्या पानाची असेल.

पायरी ४: बोर्ड वाचायला शिका

कोणतं प्रकरण कोणापुढे जाईल हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. प्रशासकीय भाषेत त्यांना रोस्टरचे प्रमुख म्हणतात. १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी दिल्लीत पत्रकार परिषद घेतली, तेव्हा मूळ तक्रार हीच होती: महत्त्वाची प्रकरणं निवडक खंडपीठांकडे दिली जातात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीशांचा हा अधिकार पुन्हा मान्य केला. म्हणजे अधिकार निर्विवाद आहे; तो कसा वापरला जातो यावर मात्र नजर ठेवता येते आणि त्यासाठी वशिला लागत नाही. फक्त शिस्त लागते.

उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कामाच्या वाटपाचा तक्ता असतो: कोणत्या खंडपीठाकडे फौजदारी अपिलं, कोणाकडे जनहित याचिका, कोणाकडे जामीन. तो बदलला की जुना तक्ता उतरवून ठेवा, कारण नवा आला की जुना शोधणं कठीण जातं. रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशी कोणापुढे कोणती प्रकरणं आहेत त्याची यादी, आदल्या संध्याकाळी येतो. ज्या प्रकरणाचा तुम्ही पाठपुरावा करताय त्याची एक वही करा: तारीख, खंडपीठ, बोर्डावरचा क्रमांक, काय झालं. ‘वेळेअभावी सुनावणी झाली नाही’, ‘सरकारी वकिलांनी मुदत मागितली’, ‘या खंडपीठापुढे नको’ अशा नोंदी महिनोन्‌महिने साठत गेल्या की त्यातून जे चित्र दिसतं ते कुठलाही सूत्र देऊ शकत नाही.

जिल्हा न्यायालयात यासाठी रोजनामा आहे. प्रत्येक तारखेला काय घडलं ते त्यात लिहिलेलं असतं: आरोपी हजर की गैरहजर, कोणत्या निशाणीवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या अर्जावर किंवा कागदावर, काय हुकूम झाला, तारीख कोणी वाढवून मागितली. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर तारखांचा इतिहास पाहता येतो. प्रकरण एका न्यायाधीशाकडून दुसऱ्याकडे वर्ग झालं असेल तर तो आदेशही तिथे किंवा नक्कल विभागात मिळतो. नक्कल मागताना लक्षात ठेवा: न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करून घ्यायच्या, माहिती अधिकारात नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. प्रशासकीय माहितीसाठी, म्हणजे रिक्त पदं, खर्च, बदल्यांचे निकष यांसाठी माहिती अधिकार चालतो. उच्च न्यायालयांचे त्याबाबत स्वतःचे नियम आहेत, तेव्हा अर्जाचा नमुना आणि शुल्क आधी तपासा.

न्यायमूर्तीने सुनावणीतून माघार घेतली तर त्यात वावगं काही नाही आणि कारण सांगण्याचं बंधनही नाही. पण एकाच प्रकरणातून एकापाठोपाठ एक माघारी झाल्या तर त्याची नोंद घ्यावीच लागते. २०१९ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी माघार घेतली. बातमीत आकडा आणि त्यामुळे गेलेले दिवस द्यावेत. हेतूबद्दल बोलू नये.

पायरी ५: पैसा आणि जागा

कंटाळवाणी वाटणारी पण पक्की बातमी इथे मिळते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार अर्थसंकल्पात ‘भारित’ खर्चात येतात, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. जिल्हा न्यायालयांचा खर्च मात्र ‘दत्तमत’, म्हणजे विधानसभेच्या मतदानाने मंजूर होणारा आहे. नवी पदं, लघुलेखक, इमारत, लिफ्ट, स्वच्छतागृह, सगळ्यासाठी विधी व न्याय विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे हात पसरावे लागतात. उच्च न्यायालयाचीही सुटका नाही. मुंबईच्या नव्या संकुलासाठी वांद्र्याची जमीन मिळावी म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्यांतलं विधी व न्याय विभागाचं पान काढा, गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करा, जिल्ह्यातल्या मंजूर आणि भरलेल्या पदांचा आकडा जोडा. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ) सुरू झालं, त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं होतं. तिथल्या पत्रकारांनी आता न्यायमूर्तींची संख्या आणि कर्मचारी यांचा हिशेब नियमित मागावा.

पायरी ६: आदेश हातात येईपर्यंत ‘चपराक’ लिहू नका

‘हायकोर्टाची सरकारला चपराक’ हा आपल्याकडचा सर्वांत घासलेला मथळा. न्यायमूर्ती सुनावणीत बोलतात ते बरंचसं प्रश्न विचारण्यासाठी, वकिलाला डिवचण्यासाठी असतं. सकाळी ताशेरे आणि संध्याकाळी सरकारच्या बाजूने आदेश, असं अनेकदा घडतं. मग वाचकाला वाटतं, मध्ये काहीतरी शिजलं. न्यायालयाबद्दलचा हा फुकटचा संशय आपल्या मथळ्याने पेरलेला असतो.

तोंडी शेरे छापू नयेत असं मात्र अजिबात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने कोविडकाळात निवडणूक आयोगावर कडक शेरे मारले, तेव्हा माध्यमांना ते छापण्यापासून रोखा अशी आयोगाची मागणी होती. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. खुल्या न्यायालयात जे बोललं जातं ते सांगण्याचा माध्यमांचा हक्क मान्य केला. तेव्हा शेरा छापा, पण ‘सुनावणीदरम्यान तोंडी म्हटलं’ हे त्याच वाक्यात, आणि ‘आदेशात मात्र’ हे दुसऱ्या वाक्यात.

निकाल वाचताना शेवटचा परिच्छेद आधी वाचा, मग मुद्दे कोणते ठरवले होते ते, मग कारणं. कारणं असलेला निकाल मला पटला नाही तरी तो स्वतंत्र न्यायाधीशाचा असू शकतो. कारणंच नसलेला, किंवा त्याच खंडपीठाने तशाच प्रकरणात आधी घेतलेल्या भूमिकेच्या उलट जाणारा आणि तिचा उल्लेखही न करणारा निकाल दिसला, तर तिथे थांबून दोन तटस्थ कायदेतज्ज्ञांना विचारा. त्या प्रकरणात वकीलपत्र असलेल्याला तटस्थ म्हणून उद्धृत करू नका.

पायरी ७: न्यायाधीशाविरुद्धची तक्रार

उत्तरदायित्व आणि स्वातंत्र्य एकमेकांच्या विरोधात आहेत, असं समजून बातम्या लिहिल्या जातात. भ्रष्ट न्यायाधीशाला कोणीही धमकावू शकतं, म्हणून तोच सर्वांत कमी स्वतंत्र असतो. त्यामुळे तक्रारींचं वार्तांकन करायलाच हवं, फक्त कोणती प्रक्रिया चालू आहे ते अचूक सांगायला हवं.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबाबत दोन वाटा आहेत. एक संसदेची: न्यायाधीश चौकशी कायदा, १९६८. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांची सही, मग त्रिसदस्य समिती, मग मतदान. दुसरी अंतर्गत चौकशीची, आणि तिचं मूळ मुंबईत आहे. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून घेतलेल्या मानधनावरून आरोप झाले, वकील संघटनांनी ठराव केले, त्यांनी पद सोडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, वकिलांनी दबाव आणून न्यायमूर्तीला घालवणं गैर, पण गैरवर्तन आणि पदच्युती यांच्या मधल्या पोकळीसाठी अंतर्गत व्यवस्था हवी, असा विचार पुढे आला. १९९९ मध्ये ती पद्धत स्वीकारली गेली.

मार्च २०२५ मध्ये दिल्लीत न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी आग लागल्यानंतर रोकड सापडल्याचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला. सरन्यायाधीशांनी त्रिसदस्य समिती नेमली आणि सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं, छायाचित्रं संकेतस्थळावर टाकली. पुढे लोकसभा अध्यक्षांनी १९६८ च्या कायद्याखाली वेगळी समिती नेमली. या दोन समित्यांची अनेक बातम्यांत सरमिसळ झाली. पहिलीच्या अहवालाने कोणी पदावरून जात नाही, हे एक वाक्य वाचकाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

जिल्हा न्यायाधीशाविरुद्धची तक्रार उच्च न्यायालयाकडे जाते. अवमान कायद्याच्या कलम ६ नुसार सद्‌भावनेने केलेली अशी तक्रार अवमान ठरत नाही, हे तक्रारदारालाही माहीत नसतं. पण खटला हरलेल्या प्रत्येकाला न्यायाधीश विकला गेल्यासारखं वाटतं, हेही लक्षात ठेवा. तक्रार दाखल झाली एवढ्यावर न्यायाधीशाचं नाव छापू नका. चौकशी सुरू झाल्याचा कागद हवा.

निवृत्तीनंतरच्या पदांबद्दल थोडक्यात: निवृत्तीची तारीख, नव्या पदाची तारीख आणि सेवेच्या शेवटच्या वर्षात नेमणूक करणारं सरकार पक्षकार असलेली कोणती प्रकरणं त्यांनी ऐकली, एवढं द्या. काही न्यायाधिकरणांवर निवृत्त न्यायमूर्तीच नेमण्याची कायद्याचीच अट असते. ती नेमणूक आणि राज्यपालपद किंवा राज्यसभा यांना एका मापाने मोजू नका. सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नामनिर्देशित झाले. आणि हा प्रश्न आजचा नाही: १९५८ मध्ये मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले, त्याच वर्षी विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालाने निवृत्तीनंतर सरकारी पदं नकोत अशी शिफारस केली होती.

पायरी ८: अवमानाची भीती आणि खरी कुंपणं

अवमानाच्या धास्तीने संपादक चांगल्या बातम्या मारतात. म्हणून १९७१ चा न्यायालय अवमान कायदा छापून टेबलावर ठेवा. कलम ४: न्यायालयीन कामकाजाचं न्याय्य आणि अचूक वृत्त अवमान नाही. कलम ५: अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर न्याय्य टीका अवमान नाही. कलम १३: सार्वजनिक हिताचं आणि सद्‌भावनेने मांडलेलं सत्य हा २००६ पासून बचाव आहे. कलम १५: त्रयस्थाला फौजदारी अवमानाची याचिका करायची तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते, न्यायालय मात्र स्वतःहून दखल घेऊ शकतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकालावर टीका करताना ‘न्यायमूर्तींनी पुरावा क्रमांक अमुककडे लक्ष दिलं नाही’ हे चालतं. पुराव्याशिवाय ‘विकला गेला’ हे चालत नाही आणि चालूही नये.

न्यायालय वृत्तांकनाला मनाई करू शकतं. याचा पाया महाराष्ट्रातल्याच पत्रकाराच्या खटल्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयात एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला. बातमीदार नरेश मिरजकर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश टिकवला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी विरोधी मत नोंदवलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या सहारा प्रकरणात अशी मनाई तात्पुरती आणि गरजेपुरतीच असावी, असं ठरलं. मनाई तोंडी असेल तर वकिलामार्फत ती लेखी आहे का ते लगेच विचारा, आणि मनाई झाल्याची बातमी द्या.

ज्या रेघा ओलांडायच्याच नाहीत त्या वेगळ्या: भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारपीडितेची ओळख, पॉक्सोचं कलम २३, बाल न्याय कायद्याचं कलम ७४. गावाचं नाव, शाळा, नातेवाइकाचा फोटो यांतूनही ओळख उघड होते. आणि सुशांतसिंह राजपूत प्रकरणानंतर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांसाठी दिलेली तत्त्वं वाचून ठेवा. रोज रात्री आरोपीला दोषी ठरवणारा कार्यक्रम पाहून सकाळी जामिनाच्या अर्जावर बसणाऱ्या न्यायाधीशावर कोणाचा दबाव असतो, याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे. वकील संघाने न्यायाधीशाविरुद्ध काम बंद पुकारलं तर त्याकडेही याच नजरेने पाहा. वकिलांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलेलं आहे.

पायरी ९: बाजू मागवा, तीही योग्य ठिकाणी

न्यायाधीश माध्यमांशी बोलत नाहीत आणि त्यांच्या मौनातून काही अर्थ काढू नये. चेंबरमध्ये जाऊन प्रश्न विचारू नका, फोन करू नका, चालू प्रकरणाबद्दल तर नाहीच. उच्च न्यायालयाबाबतचे प्रश्न रजिस्ट्रार जनरलांच्या कार्यालयाला, जिल्ह्याबाबतचे प्रबंधकांमार्फत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना, लेखी, मुद्देसूद आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देऊन पाठवा. सरकारकडून फाइल अडली असेल तर विधी मंत्रालयाला किंवा विधी व न्याय विभागाला तेच प्रश्न पाठवा. बहुतेक बातम्यांत हे राहून जातं आणि सगळा भार न्यायालयावर येतो. ‘सूत्रांनी सांगितलं’ हे शिफारशीची तारीख किंवा बैठकीचा दिवस यांपुरतं वापरा. ‘अमुक न्यायमूर्ती नाराज आहेत’ यासाठी एक सूत्र कधीच पुरेसं नसतं.

छापून झाल्यावर वहीत पुढची तारीख टाका: अतिरिक्त न्यायमूर्तींची मुदत कधी संपते, परत पाठवलेल्या नावाला किती आठवडे झाले, वर्ग झालेल्या खटल्याची पहिली सुनावणी कधी आहे. त्या दिवशी पुन्हा विचारणा करा.